नागपुरात एम.एड. करायचंय: पात्रता, कॅप, हजेरी, लघुप्रबंध (सगळं एकाच धाग्यात)

अजनी_चौक | रविवार, सकाळी १०:१४

सीईटीचे (प्रवेश परीक्षेचे) अर्ज निघाले की तेच प्रश्न ग्रुपवर फिरून राहतात आणि तीच अर्धवट उत्तरं मिळतात. म्हणून हा धागा. उत्तर देणाऱ्यांना विनंती एकच: "आमच्या कॉलेजात असं झालं" नको, नियम काय आणि अडतं कुठे तेवढं लिहा.

सुरुवात पात्रतेपासून. एम.एड.चा पाया म्हणजे एनसीटीईची (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची) २०१४ची नियमावली, परिशिष्ट ५. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला तो याच नियमावलीने आणि २०१५-१६ पासून तो लागू आहे. प्रवेशाला पुढीलपैकी एक पदवी किमान ५० टक्क्यांनी हवी: बी.एड., किंवा एकात्मिक बी.ए.बी.एड. वा बी.एस्सी.बी.एड., किंवा बी.एल.एड., किंवा डी.एड. अथवा डी.एल.एड. अधिक कुठलीही पदवी. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५.

आता हे ५० टक्के कसले? बी.एड.चे. बी.ए. किंवा बी.एस्सी.ला किती होते हे बी.एड.वाल्याला कोणी विचारत नाही. सगळ्या सत्रांच्या एकूण गुणांवर टक्केवारी निघते, शेवटच्या सत्राच्या गुणांवर नाही. गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं रूपांतर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. मनाने दहाने गुणून अर्जात आकडा टाकला की पडताळणीत अर्ज परत येतो.

खडू_डस्टर | रविवार, सकाळी १०:५२

डी.एड.वाल्यांसाठी एक जोड. तिथे ५० टक्के दोन्हीकडे लागतात, डी.एड.लाही आणि पदवीलाही. डी.एड.ला ६८ आणि बी.ए.ला ४७ असेल तर खुल्या प्रवर्गातून पात्रता नाही. दोन्हींची सरासरी काढून बसणारे बरेच असतात.

आणि बी.एड. मुक्त विद्यापीठातून केलं असेल तरी हरकत नाही, फक्त त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी एनसीटीईची मान्यता असली पाहिजे. विशेष शिक्षणातलं एम.एड. हा प्रकार वेगळा, तो भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतो. या धाग्यात तो मिसळू नका.

तर्री_पोहे | रविवार, सकाळी ११:२०

सीईटी लागतेच का? जागा तर रिकाम्या राहतात म्हणे. थेट कॉलेजात जाऊन प्रवेश नाही का होत?

सेमिनरी_हिल्स | रविवार, दुपारी १२:०५

@तर्री_पोहे, लागते. जागा रिकामी असणं आणि तुम्ही पात्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ. राज्य सीईटी कक्षाची एम.एड. सीईटी संगणकावर होते, १०० प्रश्न, १०० गुण, चुकीला वजाबाकी नाही. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नाही. प्रवेशाच्या नियमात अट आहे ती शून्याहून जास्त गुणांची. म्हणजे परीक्षा अवघड नाही, पण न देणं महागात पडतं. संस्थास्तरावरच्या फेरीलाही हाच गुण दाखवावा लागतो.

सगळ्यात जास्त लोकं कुठे अडकतात ते सांगतो. सीईटीची नोंदणी म्हणजे कॅपची (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी नव्हे. परीक्षा झाली, निकाल आला, गुण बरे आले, की लोक बसतात वाट पाहत की आता कॉलेज मिळेल. मिळत नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, कागदपत्रं अपलोड, ई-पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकतींचे मोजके दिवस, अंतिम यादी, मग पसंतीक्रम. यातली एक पायरी चुकली की त्या फेरीतून बाहेर. तात्पुरती यादी लागली की स्वतःचं नाव, प्रवर्ग आणि टक्केवारी त्याच दिवशी तपासा. अंतिम यादीनंतर दुरुस्ती जवळपास होत नाही.

कागदपत्रांत नागपूर-विदर्भातल्या मुलांचं अडतं ते असं:

नावाचा मेळ. दहावीच्या सनदेवर एक नाव, लग्नानंतर बी.एड.च्या गुणपत्रिकेवर दुसरं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र लागतं, नुसतं आधार पुरत नाही.

जात वैधता. जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदं. अनुसूचित जमातीची तपासणी समिती वेगळी, बाकी प्रवर्गांची जिल्हा पडताळणी समिती वेगळी. अर्ज चुकीच्या ठिकाणी दिला की दोन-तीन महिने गेले.

नॉन-क्रिमिलेयर. मुदत प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतं त्या, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत हवी. गेल्या मार्चला संपलेलं घेऊन येणारे दरवर्षी असतात, आणि सेतू केंद्रावर जूनमध्ये जी रांग लागते ती पाहिली की समजतं.

मायग्रेशन (विद्यापीठ बदलल्याचं स्थलांतर प्रमाणपत्र). बी.एड. गोंडवाना किंवा अमरावती विद्यापीठातून आणि एम.एड. नागपूर विद्यापीठात असेल तर मायग्रेशन लागणारच. चंद्रपूर-गडचिरोलीची मुलं इथेच घोटाळा करतात, कारण २०११ पर्यंत ते जिल्हे नागपूर विद्यापीठातच होते आणि घरातल्या मोठ्यांच्या पदव्या नागपूरच्या असतात. आता तुमची पदवी गोंडवानाची आहे, तुम्ही इथे बाहेरचे. नागपूर विद्यापीठाचा जुना नामांकन क्रमांक असेल तर तो अर्जात लिहा, नवीन काढू नका. दोन क्रमांक झाले की निकाल राखून ठेवतात.

अजनी_चौक | रविवार, दुपारी १२:३१

सेमिनरीभाऊ, शिष्यवृत्तीबद्दल दोन ओळी?

सेमिनरी_हिल्स | रविवार, दुपारी १२:४४

महाडीबीटीवरच्या (राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच्या) बहुतेक योजना कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच धरतात. संस्थास्तरावर व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर शुल्क सगळं खिशातून. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, त्यावर गेलं तर फ्रीशिप (शुल्कमाफी). कॉलेजचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेलं असतं, ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहून मगच पैसे भरा.

शून्य_परिकल्पना | रविवार, रात्री ९:१२

प्रवेशाचं झालं. पण मला वाटतं हा धागा उलटीकडून वाचायला हवा. एम.एड. संपल्यावर काय व्हायचंय ते आधी ठरवा, कारण प्रवेशाची अट ५० ची आहे आणि पुढचे सगळे दरवाजे ५५ वर उघडतात. या पाच टक्क्यांत जेवढे लोक अडकलेत तेवढे सीईटीत अडकलेले नाहीत.

बी.एड. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर एनसीटीईची अट पाहा. अध्यापनशास्त्राच्या पेपरांसाठी, म्हणजे विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा शिकवणाऱ्यांसाठी, त्या शालेय विषयातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्के आणि वर एम.एड.ही ५५ टक्के. दोन्ही. तत्त्वज्ञान-समाजशास्त्र-मानसशास्त्राच्या पायाभूत पेपरांसाठी दोन वाटा: सामाजिक शास्त्रातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्के अधिक एम.एड. ५५ टक्के, किंवा शिक्षणशास्त्रातलं एम.ए. ५५ टक्के अधिक बी.एड. ५५ टक्के. या सगळ्यावर नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा), नाहीतर पीएच.डी.

आता हिशेब करा. एम.एस्सी. रसायनशास्त्र ५२ टक्के, बी.एड. ७०, आणि एम.एड.ला ७५ मिळवले. रसायनशास्त्राच्या अध्यापनपद्धतीच्या जागेसाठी खुल्या प्रवर्गातून अर्ज करता येत नाही. एम.एड.चे ७५ एम.एस्सी.चे ५२ भरून काढत नाहीत. असा उमेदवार एम.एड.ला येतो तेव्हा त्याला कोणी अडवत नाही, कारण प्रवेशात एम.एस्सी. मोजतच नाहीत. दोन वर्षांनी जाहिरात वाचतो तेव्हा कळतं. दुसरा नमुना: बी.ए., बी.एड., एम.एड. आणि विषयातलं एम.ए. नाहीच. त्याचंही तेच.

नेटसाठी शिक्षणशास्त्र या विषयाचा संकेतांक ०९. खुल्या गटाला ५५ टक्के, राउंडिंग नाही, ५४.९ म्हणजे ५४.९. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमिलेयर ओबीसी, दिव्यांग, तृतीयपंथी यांना ५०. ईडब्ल्यूएसला नेटमध्ये ही सूट नाही, त्यांना ५५च. पण पीएच.डी.च्या प्रवेशात, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमावलीत, ५ टक्क्यांची सूट ईडब्ल्यूएसलाही आहे. एकच उमेदवार पीएच.डी.ला पात्र आणि नेटला अपात्र असू शकतो. विचित्र आहे, पण असंच आहे.

आणि शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर एम.एड.ने किमान पात्रतेत भर पडत नाही. ती बी.एड.शी थांबते. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि अभियोग्यता चाचणी वेगळ्याच.

खडू_डस्टर | रविवार, रात्री ९:३०

+१. यात एवढंच जोडतो की एम.ए. विषयातलं बाकी असेल तर ते आधी करा, एम.एड. नंतर. दोन पदव्या एकाच वेळी चालतात हे यूजीसीने २०२२ मध्ये मान्य केलंय, पण एम.एड. पूर्णवेळ, प्रत्यक्ष हजेरीचं आहे. त्यासोबत दुसरी फार तर दूरस्थ पद्धतीने जमते. आणि चौथ्या सत्रात लघुप्रबंध (एम.एड.चं संशोधनाचं लेखी काम) आणि एम.ए.ची परीक्षा एकाच महिन्यात आली की दोन्हीकडे टक्के घसरतात. वर ५५ची गोष्ट वाचलीच आहे.

कामठी_रोड | सोमवार, सकाळी ७:४०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. नोकरी सांभाळून एम.एड. होतं का? एका संस्थेने सांगितलं, "फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही पाहून घेऊ."

अजनी_चौक | सोमवार, सकाळी ८:२५

@कामठी_रोड ताई, त्या संस्थेचं नाव इथे नका टाकू, पण तिथे जाऊही नका.

हजेरीचं गणित मांडतो. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला किमान ३६ तास. वर्गातल्या तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, क्षेत्रकार्याला ९० टक्के. २०० पैकी ८० टक्के म्हणजे १६०. वर्षभरात हाताशी ४० दिवस, त्यातच आजारपण, घरची लग्नं, दाखल्यासाठीच्या तहसीलच्या चकरा. क्षेत्रकार्यात तर श्वासच नाही. समजा चार आठवड्यांचं, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे २४ दिवस. त्याचे ९० टक्के होतात २१.६, म्हणजे २२ दिवस हजर. दोन दिवस चुकले तर चालतं, तिसरा चुकला तर पुन्हा करा.

हे नोकरी करत जमत नाही. रीतसर मार्ग अध्ययन रजेचा किंवा असाधारण रजेचा, आणि परवानगी प्रवेशाआधी. प्राथमिक शिक्षक असाल तर शिक्षणाधिकारी प्राथमिक यांच्याकडे मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत अर्ज. परवानगीशिवाय घेतलेली पदवी सेवापुस्तकात चढवताना प्रश्न असा येतो: त्या दिवशी तुम्ही शाळेच्या हजेरीपटावर होता आणि कॉलेजच्याही, मग खोटी सही कुठली? याचं उत्तर कोणालाच देता येत नाही.

दूरस्थ एम.एड.ही नाही. २०१४च्या नियमावलीत डी.एल.एड. आणि बी.एड. दूरस्थ आहेत, एम.एड.चं परिशिष्ट पूर्णवेळ एवढंच आहे. कोणी "डिस्टन्स एम.एड." विकत असेल तर हात जोडा.

गोधनी_नाका | सोमवार, सकाळी ९:०३

मग नोकरीवाल्यांनी काय करायचं? शिक्षणशास्त्रातलं एम.ए.?

शून्य_परिकल्पना | सोमवार, सकाळी ९:५०

हो, ती वाट आहे. एम.ए. एज्युकेशनला बी.एड. लागत नाही, कुठलाही पदवीधर चालतो. इग्नूचं दूरस्थ आहे, प्रादेशिक केंद्र नागपुरातच अमरावती रोडवर आहे. नेटला ते चालतं, पीएच.डी.ला चालतं. बी.एड. महाविद्यालयात फक्त वर सांगितलेल्या पायाभूत पेपरांच्या जागांसाठी चालतं, तेही बी.एड. ५५ टक्के असेल तर. पण "एम.ए. एज्युकेशन म्हणजे एम.एड.च" असं कोणी म्हटलं तर नाही. जाहिरातीत "एम.एड." एवढंच लिहिलं असेल तर अर्ज छाननीतच बाद होतो.

लघुप्रबंधवाली | सोमवार, रात्री १०:१८

आता पूर्ततेकडे वळूया, कारण एम.एड. प्रवेशाने नाही, लघुप्रबंधाने अडतं.

एनसीटीईच्या आराखड्यात दोन वर्षं मिळून ८० श्रेयांक आहेत. एक श्रेयांक म्हणजे सोळा आठवडे, आठवड्याला एक तास अध्यापन, किंवा दोन तास प्रात्यक्षिक-क्षेत्रकार्य. म्हणजे ४ श्रेयांकांचा पेपर ६४ तासांचा. त्यात दृष्टिकोन पेपर, साधन पेपर म्हणजे संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र, शिक्षक-शिक्षण, आणि प्राथमिक किंवा माध्यमिक यातलं एक विशेषीकरण. शिवाय क्षेत्रकार्य दोन प्रकारचं: शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डी.एल.एड. वा बी.एड. कॉलेजात किंवा डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत), आणि दुसरं विशेषीकरणाच्या क्षेत्रात. आणि लघुप्रबंध. पेपरनिहाय उत्तीर्णतेचे नियम विद्यापीठाच्या डायरेक्शनमध्ये (अधिकृत नियमपत्रकात) असतात. तुमच्या प्रवेशवर्षाला लागू असलेली डायरेक्शन डाउनलोड करून ठेवा, सिनिअरची वापरू नका.

मुदत: प्रवेशापासून तीन वर्षं, बस. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची सवलत. लघुप्रबंध रखडला आणि एखादा पेपर राहिला तर ते एक वर्ष कुठे जातं कळत नाही.

आता लघुप्रबंधाचं वेळापत्रक विदर्भाच्या शाळांवर बसवा. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटी. जुलैचा पहिला पंधरवडा पुस्तकवाटप, प्रवेश, पट यात जातो. पुढे पोळा, गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी. डिसेंबरमध्ये अधिवेशन आलं की मोर्चे, अर्धे शिक्षक मोर्चात आणि मुख्याध्यापक जिल्हा परिषदेच्या बैठकीत. मग स्नेहसंमेलनं, मग दहावी-बारावीच्या परीक्षा. शाळेत शांतपणे माहिती गोळा करता येते असे तुकडे दोनच: जुलैच्या मध्यापासून सहामाहीपर्यंत, आणि दिवाळीनंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. प्रायोगिक पद्धत घेतली असेल, वीस-पंचवीस तासिकांचा उपक्रम असेल, तर पहिल्याच तुकड्यात करा. दुसऱ्यात सुरू केलेला उपक्रम उत्तरचाचणीपर्यंत पोचत नाही. पोचला तरी वर्गातली निम्मी मुलं नाचाच्या सरावाला.

म्हणून विषय दुसऱ्या सत्राच्या शेवटी पक्का हवा, आराखडा उन्हाळ्यात लिहून झालेला हवा, साधन (प्रश्नावली किंवा चाचणी) जूनमध्ये तयार हवं. तिसऱ्या सत्रात विषय शोधायला लागलात तर माहिती गोळा करायची वेळ निघून गेली.

परवानगी. महापालिकेच्या शाळांसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाकडे, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांसाठी शिक्षणाधिकारी प्राथमिक यांच्याकडे, माध्यमिकसाठी शिक्षणाधिकारी माध्यमिक आणि त्या संस्थेच्या मुख्याध्यापकांकडे. पत्रात शाळांची नावं, इयत्ता, किती तासिका लागतील, मुलांची नावं गुप्त राहतील, हे सगळं लिहा. "संशोधनासाठी सहकार्य मिळावे" एवढ्यावर टेबलावरून फाईल हलत नाही.

शून्य_परिकल्पना | सोमवार, रात्री १०:४०

विषयाच्या आकाराबद्दल मी लिहितो. "नागपूर जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या तंत्रज्ञानविषयक दृष्टिकोनाचा अभ्यास" असा विषय दर वर्षी पाच जण घेतात. जिल्ह्यात चौदा तालुके. नरखेड एका टोकाला, भिवापूर दुसऱ्या. जनसंख्या (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा तो सगळा गट) म्हणून सगळा जिल्हा लिहायचा आणि नमुना घ्यायचा धंतोली-रामदासपेठेतल्या सहा शाळांचा, हे तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला कोसळतं. बहिस्थ परीक्षक विचारतात, "नमुना कसा निवडला?" उत्तर येतं "यादृच्छिक". यादी कुठे आहे? यादीच नसते.

जनसंख्या लहान ठेवा, पण तिची यादी हातात असू द्या. यू-डायस क्रमांकासह (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकासह) शाळांची यादी मिळते, ती परिशिष्टात लावा. क्रेजसी-मॉर्गनचा १९७० चा तक्ता वापरत असाल तर तो जनसंख्येवरून नमुना सांगतो, १००० ला २७८. जनसंख्या माहीत नसताना तो लावायचा नसतो. आणि सहज उपलब्ध नमुना घेतला असेल तर तसंच लिहा. त्यात लाज नाही, खोटं "यादृच्छिक" लिहिण्यात आहे.

प्रयोगात एकाच शाळेच्या अ आणि ब तुकड्या घेतल्या तर तो अर्धप्रायोगिक आराखडा झाला, खरा प्रयोग नाही. मुलं तुम्ही वाटलेली नाहीत, शाळेने वाटली. ब तुकडी कच्ची असते हे शाळेतला शिपाईही सांगेल.

संख्याशास्त्र: एक्सेलमध्ये टी-टेस्टला प्रकार विचारतात. १ म्हणजे जोडीचा, पूर्वचाचणी-उत्तरचाचणी त्याच मुलांची असेल तेव्हा. २ म्हणजे स्वतंत्र गट समान प्रचरण (व्हेरिअन्स), ३ म्हणजे असमान. पूर्व-उत्तरला २ लावलेले लघुप्रबंध ग्रंथालयात ढिगाने आहेत आणि लोकं तेच पाहून उतरवून राहिलेत.

प्रश्नावली स्वतः बनवली तर तज्ज्ञांकडून आशयसप्रमाणता (प्रश्न विषयाला धरून आहेत का ते), मग पथदर्शी अभ्यास, मग विश्वसनीयता गुणांक, क्रोनबाख अल्फा साधारण ०.७० च्या वर. पथदर्शी अभ्यासातली मुलं मुख्य नमुन्यात पुन्हा घ्यायची नाहीत. तयार प्रमाणित चाचणी इंग्रजी किंवा हिंदीतली विकत घेऊन स्वतः मराठीत उतरवली, की तिचे जुने मानक आणि विश्वसनीयता तुमच्या कामाचे राहिले नाहीत. ते पुन्हा काढा.

संत्रा_बर्फी | मंगळवार, सकाळी ८:१५

साहित्यचोरी तपासणी एम.एड.लाही आहे का? मराठीत कसं तपासतात?

लघुप्रबंधवाली | मंगळवार, सकाळी ९:०२

@संत्रा_बर्फी, आहे. यूजीसीची २०१८ची नियमावली प्रबंध आणि लघुप्रबंध दोन्हींना लागू. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हात संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्याचा मजकूर हे मोजणीतून वगळतात. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य ज्ञानाचं साम्यही वगळतात.

मराठीची खरी अडचण फॉन्टची. डीटीपीवाले जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतात, शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी. कागदावर मराठी दिसतं, पण संगणकाला ते रोमन अक्षरांचं कडबोळं दिसतं. तपासणी सॉफ्टवेअर एकतर फाईल नाकारतं किंवा शून्य टक्के दाखवतं, आणि शून्य टक्के पाहून मार्गदर्शक जास्त संशय घेतात. टाइपिंगला देतानाच सांगा: युनिकोड, मंगल किंवा कोकिळा. नंतर रूपांतर केलं की जोडाक्षरं आणि रफार फुटतात, मग शे-दीडशे पानं ओळीओळीने वाचायची. महालमधल्या टाइपिंगवाल्याला आधी एक पान करून मागा, ते मोबाईलवर कॉपी करून पाठवा. मराठीच राहिलं तर युनिकोड.

दुसरं प्रकरण, म्हणजे संबंधित साहित्याचा आढावा, सगळ्यात जास्त तिथेच टक्के चढतात. जुन्या लघुप्रबंधातून आढावा उचलायचा, त्यात तिसऱ्याचे संदर्भ, मूळ कोणी पाहिलेलं नाही. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) मूळ प्रबंध बहुतेक वेळा मिळतो, तो उघडा. दहा संशोधनं नीट वाचून आपल्या शब्दांत मांडली तर चाळीस नावांच्या यादीपेक्षा बरी.

खडू_डस्टर | मंगळवार, सकाळी ९:४०

कॉलेज निवडताना एक आकडा लक्षात ठेवा, १०. पन्नास जागांच्या एका तुकडीला एनसीटीईने दहा शिक्षक सांगितलेत: २ प्राध्यापक, २ सहयोगी, ६ सहायक. म्हणजे एका मार्गदर्शकाकडे पाच विद्यार्थी. संकेतस्थळावर शिक्षकांची यादी पाहा. तिथे चारच नावं असतील तर तुमचा लघुप्रबंध बारा जणांच्या रांगेत उभा आहे. मान्यता आदेश मागा, त्यावर एम.एड.चे शब्द आणि प्रवेशक्षमता वाचा. बी.एड.ची मान्यता दाखवून एम.एड.चे प्रवेश घेणाऱ्या जागा असतात. महाराष्ट्र एनसीटीईच्या पश्चिम क्षेत्रीय समितीत येतो, मान्यता काढल्याच्या नोटिसा तिथेच लागतात.

तर्री_पोहे | मंगळवार, दुपारी १:१०

अजून एक. आता एक वर्षाचं एम.एड. येणार म्हणे. थांबायचं का? आणि ते तीन वर्षांचं बी.एड.-एम.एड. काय आहे?

अजनी_चौक | मंगळवार, दुपारी २:०२

दुसऱ्याचं उत्तर सोपं. एकात्मिक बी.एड.-एम.एड. तीन वर्षांचं, जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करायचं. प्रवेशाला विषयातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्के हवी. त्याची सीईटी वेगळी असते, एम.एड.ची चालत नाही. ज्यांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. ५५च्या वर आहे आणि बी.एड. झालेलं नाही, त्यांचं एक वर्ष वाचतं, आणि शून्य_परिकल्पनाने सांगितलेली विषयाची अटही आपोआप पूर्ण असते. वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ केंद्रीय आहे, त्याचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या बाहेर चालतात. तिकडे अर्ज करणार असाल तर दोन वेगळी वेळापत्रकं सांभाळा.

एक वर्षाचं: फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईने मसुदा नियमावली प्रसिद्ध केली. तीत पूर्णवेळ एक वर्षाचं एम.एड. आणि नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ दोन वर्षांचं अशी मांडणी आहे. मसुदा म्हणजे मसुदा. दोन गोष्टी पाहायच्या: तुम्ही अर्ज करता त्या वर्षी राजपत्रात अंतिम नियम निघालाय का, आणि तुम्ही निवडलेल्या कॉलेजला त्या नव्या अभ्यासक्रमाची मान्यता मिळालीय का. दोन्ही "हो" असल्याशिवाय "एक वर्षात एम.एड." या जाहिरातीला पैसे देऊ नका.

कामठी_रोड | मंगळवार, दुपारी २:३०

म्हणजे माझ्यासाठी त्या अर्धवेळची वाट पाहणं किंवा अध्ययन रजा, दोनच.

अजनी_चौक | मंगळवार, दुपारी २:३६

किंवा एम.ए. एज्युकेशन, पायाभूत पेपरांपुरतं. बी.एड.ला ५५ आहेत ना ताई? ते आधी पाहा.

शून्य_परिकल्पना | मंगळवार, रात्री ९:२०

नेटबद्दल राहिलेली एक गोष्ट. शेवटच्या वर्षाला असतानाच नेट देता येते, निकालाची वाट पाहायची गरज नाही. पण नेटच्या निकालापासून दोन वर्षांच्या आत पदवी आवश्यक टक्क्यांसह पूर्ण झाली पाहिजे, नाहीतर नेट रद्द. म्हणजे ज्यांचा लघुप्रबंध तिसऱ्या वर्षात गेला, त्यांची पास झालेली नेटही धोक्यात येते. जून २०२४ पासून नेटच्या निकालात "फक्त पीएच.डी." असा तिसरा गटही आहे. त्यात बसलात तर पीएच.डी. प्रवेशाला तो गुण एक वर्ष चालतो, सहायक प्राध्यापकपदाला चालत नाही. गुणपत्रक आलं की कुठल्या गटात आहात ते आधी वाचा, पेढे नंतर.

संत्रा_बर्फी | मंगळवार, रात्री ९:४५

पेढे नाही, संत्रा बर्फी. 😄 धाग्याची लिंक बी.एड.च्या ग्रुपवर टाकली आहे. मायग्रेशनचा अर्ज ऑनलाइन भरताना शेवटच्या गुणपत्रिकेची स्कॅन प्रत लागते, ती फोटो नको, पीडीएफ करून ठेवा.